ठमीला विमानातून बंगळूरला न्यायचंय (सामानात नाही, पायाशी)

कंदी_पेढा (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप निघून जाते. आज स्वतःची अडचण घेऊन आलेय.

आई गेल्यापासून आप्पा साताऱ्यात एकटे असतात. एकटे म्हणजे ते आणि ठमी. ठमी आमची अकरा वर्षांची पॉमेरेनियन. दोन महिन्यांपूर्वी आप्पा न्हाणीघरात घसरले. हाड वाचलं, पण माझी झोप उडाली. आम्ही बंगळूरला असतो. "आता आमच्याकडे चला" म्हटल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "ठमी माझ्या पायाशी बसणार असंल तर येतो. तिला पेटीत घालून सामानात टाकायची असंल, तर मी हाय तिथं बरा हाय."

गाडीने सातशेच्या वर किलोमीटर होतात, आप्पांच्या कमरेला ते झेपणार नाही. म्हणून पुण्याहून विमान. ते दीड तासात पोचतं. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं की केबिनमध्ये कुत्रं चालतं, पण बॅगेसकट १० किलोच्या आत हवं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात धान्याच्या काट्यावर ठमीला ठेवलं. ९ किलो १०० ग्रॅम. ऑनलाइन मागवलेली बॅग १ किलो ४००. बेरीज तुम्हीच करा.

ठमी कधी पेटीत बसलेली नाही, खंबाटकीचा बोगदा यायच्या आत गाडीत ओकते, आणि अनोळखी माणसावर भुंकणं हे स्वतःचं सरकारी काम आहे असं समजते. हातात पाच आठवडे आहेत. कोणी नेलंय का असं? तिला झोपेचं औषध द्यावं का? मध्ये शू आली तर? आणि काउंटरवर "नाही" म्हणाले तर आप्पांना मी काय सांगू?

एक_पुणेकर

सगळं कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. वाचायचे कष्ट घेतले तर धागा काढावा लागत नाही.

कंदी_पेढा

वाचलं हो. एका पानावर एक आकडा, दुसऱ्यावर दुसरा. म्हणून तर आले.

वळचण

पेढाताई, पुणेकरांकडे लक्ष देऊ नका, ते मनाने चांगले आहेत.

मी आमच्या पगला दोनदा मुंबईहून कोलकात्याला नेलंय. देशातलं चित्र थोडक्यात असं: इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही, अपंग प्रवाशाचा प्रशिक्षित सर्व्हिस डॉग तेवढा चालतो. एअर इंडिया पूर्वीपासून छोटी कुत्री-मांजरं केबिनमध्ये घेते. अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून सुरू केलं, तेव्हा मर्यादा ७ किलोची होती. हे आकडे मधूनमधून बदलतात (सुदैवाने वरच गेलेत), त्यामुळे तुम्हाला दोन ठिकाणी दोन दिसले यात नवल नाही. तिकीट काढायच्या दिवशी फोन करा, आणि जे सांगतील ते ईमेलवर मागून घ्या. ईमेलचा छापील कागद हातात ठेवा. मोबाइलमधला स्क्रीनशॉट काउंटरवरच्या माणसाला का कोण जाणे खोटा वाटतो.

आधी तिकीट काढून मग कुत्र्याचं विचारायचं, ही चूक करू नका. एका विमानात किती प्राणी घ्यायचे ते ठरलेलं असतं, आणि तो आकडा फार लहान असतो. आधी त्या उड्डाणात जागा आहे का विचारा, मग तुमचं तिकीट, आणि लगेच तिचं. वेब चेक-इन होत नाही, काउंटरवरच जावं लागतं. सीट खिडकीची मिळते. पहिली रांग आणि आपत्कालीन दाराची रांग विसरा.

आणि एक. बॅग पुढच्या सीटखाली जाते आणि तिथेच राहते. कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी वरच्या कप्प्यात ठेवू द्यायची नाही. मार्च २०१८ मध्ये ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू असलेली बॅग वरच्या कप्प्यात ठेवली गेली, आणि ते पिल्लू मेलं. हवाईसुंदरी म्हणाली म्हणून आपण ऐकतो ना, तसंच त्या पिल्लाच्या मालकीणबाईंनीही ऐकलं होतं.

तिरकस

ठमीचं तिकीट आप्पांपेक्षा महाग पडणार बहुतेक. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

वळचण

दिवा कशाला, आमच्या पगच्या बाबतीत खरंच तसं झालं होतं.

रेल्वेवेडा

विमानाचा हट्ट का? रेल्वेत फर्स्ट एसीची दोन बर्थची कूपे मिळाली तर कुत्रं सरळ आपल्याबरोबर नेता येतं. तिकीट काढायचं, कूपेसाठी अर्ज द्यायचा, गाडीच्या आधी पार्सल ऑफिसात जाऊन कुत्र्याचं वजन आणि बुकिंग करायचं, लसीचा दाखला दाखवायचा. वजनाची मर्यादा नाही, पेटी नाही, भुंकली तरी दार बंद. मोठ्या स्टेशनवर खाली उतरवता येते. मी लॅब्रॅडॉर नेलाय असा.

कंदी_पेढा

हे आधी सुचलं होतं. दोन गोष्टी आडव्या आल्या. कूपे मिळणार की चार बर्थची केबिन, हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही, आणि केबिन मिळाली तर बाकीच्यांच्या मर्जीवर. दुसरं म्हणजे वीसेक तास. आप्पांना रात्री तीनदा उठावं लागतं, चालत्या गाडीत पुन्हा घसरले तर? ठमी एकटी असती तर रेल्वेच.

रेल्वेवेडा

मान्य. बाकीच्यांसाठी राहू दे हा प्रतिसाद इथे. मोठ्या कुत्र्याला दुसरा सुखाचा मार्ग नाही. फक्त गार्डच्या डब्यातल्या त्या लोखंडी खोक्यात टाकू नका कोणी, उन्हाळ्यात तर नाहीच.

डॉक्टर_शेपटी

मी जनावरांचा डॉक्टर आहे, कोल्हापूर भागात. थोडं सविस्तर लिहितो, कारण हे प्रश्न दवाखान्यात रोज येतात आणि तिथे मागे गाभण म्हैस थांबलेली असते.

आधी औषधाचं. झोपेचं किंवा गुंगीचं औषध स्वतःच्या मनाने अजिबात नको. विमानाच्या केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका असतो, म्हणजे हवा जरा विरळच. गुंगीच्या जुन्या औषधांनी रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं, तोलही जातो. अमेरिकेतली पशुवैद्यकांची संघटनाही विमानप्रवासात गुंगी देऊ नका असंच सांगते. फार घाबरट कुत्र्यासाठी भीती कमी करणारी वेगळी औषधं असतात. ती तपासून, हृदय ऐकून, आणि प्रवासाच्या आधी घरी एकदा देऊन बघूनच. अकराव्या वर्षी तर हृदय ऐकल्याशिवाय काहीच नको.

नाकाचं. वळचण, तुमच्या पगबद्दल सांगतो. पग, शिह त्झू, बुलडॉग या चपट्या नाकाच्या जाती श्वासावाटे उष्णता बाहेर टाकायला कमी पडतात. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१० मध्ये आकडे दिले होते: मे २००५ पासून विमानप्रवासात दगावलेल्या १२२ कुत्र्यांपैकी २५ इंग्लिश बुलडॉग आणि ११ पग. हे खाली सामानात किंवा मालात गेलेल्या कुत्र्यांचं. ठमीचं नाक लांब आहे, ती काळजी नाही. जाता जाता, आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून जी पांढरी कुत्री घरोघर आहेत ती बहुतेक इंडियन स्पिट्झ. खरा पॉम दोन-तीन किलोचा असतो. त्यामुळे ९ किलोची "पॉमेरेनियन" म्हणजे स्पिट्झ, आणि तीही चांगली गुटगुटीत.

आता वजनाचं. काय खाते ती दिवसभरात? खरं सांगा.

कंदी_पेढा

डॉक्टर, सकाळ-संध्याकाळ दूधभात किंवा चिकनभात, मूठभर. आणि आप्पांच्या चहाबरोबर बिस्कीट.

डॉक्टर_शेपटी

किती चहा? चहामागे किती बिस्किटं?

कंदी_पेढा

आत्ता फोन करून विचारलं. "दोन घेते कधीतरी" म्हणाले. मग शेजारच्या काकूंना विचारलं. चार वेळा चहा, दर वेळी दोन. चहात बुडवून.

तिरकस

हसून हसून पुरेवाट. आठ बिस्किटं!

डॉक्टर_शेपटी

हसू नका, हेच निदान आहे. या वयाच्या, या अंगाच्या कुत्रीला दिवसाला चार-साडेचारशे कॅलरी पुरतात. आठ ग्लुकोज बिस्किटांतच दीडशेच्या वर जातात, वर चहा. (चहा तर कुत्र्याला नकोच.) बिस्कीट बंद, भात निम्मा, त्या जागी उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा, मीठ-फोडणी न घालता. आठवड्याला एक टक्का वजन उतरलं तरी पुरे, दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. पाच आठवड्यांत चारशे ग्रॅम सहज जातील. उपाशी ठेवायचं नाही.

कागद: अँटी-रेबीजचं इंजेक्शन चालू असल्याची नोंद, तारीख आणि बॅच नंबरसकट, आणि "प्रवासाला योग्य" असा दाखला. तो दाखला किती दिवसांच्या आतला हवा ते कंपनीला विचारून त्यानुसार तपासायला न्या. लोक महिनाभर आधी घेऊन ठेवतात आणि मग विमानाच्या आदल्या रात्री मला फोन येतो.

वळचण

पेढाताई, बॅग बदला. १ किलो ४०० म्हणजे तळाला जाड लाकडी फळी असणार. मऊ कापडाची, जाळीची, तळाला पातळ फळी असलेली पाऊण-एक किलोपर्यंत मिळते. चारशे-पाचशे ग्रॅम इथेच सुटले. मात्र तिला आत उभं राहून वळता यायला हवं, नाहीतर काउंटरवरून परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे.

धूळभेट

मी थोडं वेगळं बोलणार आहे. माझ्या मुलीला दमा आहे. कुत्र्याच्या केसांनी तिला त्रास होतो. आम्ही पैसे भरून बसतो आणि शेजारच्याच्या पायाशी कुत्रं निघतं. आम्ही कुठे जायचं? धावत्या विमानातून उतरता येत नाही. तुमचे लाड तुमच्या घरात ठेवा की.

तिरकस

अर्धा लिटर अत्तर ओतून येणाऱ्यांचं काय मग? त्यांना कोणी दाखला मागत नाही.

धूळभेट

अत्तराने माझ्या मुलीला नेब्युलायझर लावावा लागत नाही. कुत्र्याने दोनदा लागलाय.

वळचण

विमानात हेपा फिल्टर असतात, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात. दवाखान्यातल्या ऑपरेशन थिएटरसारखी हवा असते.

डॉक्टर_शेपटी

वळचण, हे अर्धंच झालं. फिल्टर त्याच्यापर्यंत पोचलेली हवा स्वच्छ करतो. शेजारच्या सीटखालून निघालेला कोंडा मुलीच्या नाकापर्यंत जायला फिल्टरमधून जावं लागत नाही. आणि त्रास केसांचा नसतो, लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांचा असतो. कुत्र्याच्या मालकांच्या कपड्यांवरही तो असतोच. धूळभेट यांचं म्हणणं खरं आहे. तिकीट काढल्यावर कंपनीला मुलीच्या दम्याचं कळवून ठेवा आणि विमानात कुत्रं असलं तर लांबची रांग मागा. इनहेलर हातातल्या बॅगेत, वरच्या कप्प्यात नको.

पेढाताई, तुमच्यासाठी: आदल्या दिवशी ठमीला विंचरून अंघोळ घाला आणि बसल्या बसल्या शेजाऱ्याला विचारा. तो "नको" म्हणाला तर जागा त्याने बदलायची की तुम्ही, यावर वाद नको.

कंदी_पेढा

धूळभेट, तुमच्या मुलीचं वाचून खरंच थबकले. शेजारच्याला विचारायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. नक्की विचारेन.

धूळभेट

धन्यवाद. एवढं कोणी म्हणत नाही सहसा.

राईनकाठ

जर्मनीतून लिहितोय. तुमचं देशातलं काम त्यामानाने सोपं आहे. आम्ही मुंबईहून आमची देशी मिश्र जातीची ७ किलोची कुत्री आणली. लुफ्तान्सामध्ये केबिनला बॅगेसकट ८ किलो, बॅग ५५ बाय ४० बाय २३ सेंटिमीटर. पण विमान हा शेवटचा भाग. युरोपीय संघाच्या दृष्टीने भारत रेबीज आटोक्यात असलेल्या देशांच्या यादीबाहेरचा आहे. आधी कातडीखाली बसवायची पंधरा आकडी ओळखीची मायक्रोचिप, त्यानंतरच रेबीजची लस (आधी लस आणि मग चिप असं झालं तर ती लस धरत नाहीत), लशीनंतर ३० दिवसांनी रक्त, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, अँटिबॉडी किमान ०.५ आल्या पाहिजेत, आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. शेवटी सरकारी पशु-विलगीकरण कार्यालयाचा दाखला. म्हणजे चार महिने धरूनच चाला. आमच्या व्हिसाला पाच आठवडे लागले, हिला साडेपाच महिने.

टेम्सवरची_टेकडी

आमच्याकडे तर त्याहून अवघड. ब्रिटनमध्ये विमानाच्या केबिनमधून पाळीव कुत्रं आणताच येत नाही, माल (कार्गो) म्हणूनच. म्हणून लोक पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला केबिनमधून उतरतात आणि पुढे गाडीने खाडीखालच्या बोगद्यातून येतात. आम्हीही तेच केलं. ब्रिटनमध्ये शिरण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत डॉक्टरकडून जंताचं औषध देऊन नोंद करावी लागते, ते पॅरिसमध्ये उरकलं. ज्याला फ्रेंच येत नाही अशा माणसाने फ्रेंच डॉक्टरला "टेपवर्म" हातवाऱ्यांनी कसं समजावलं, हा वेगळा धागा होईल.

जर्सीची_गाय

अमेरिकेचं लिहिते. १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदललेत. कुत्रं किमान सहा महिन्यांचं हवं, मायक्रोचिप हवी, सीडीसीचा (इथल्या रोगनियंत्रण संस्थेचा) फॉर्म भरायचा. भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे भारतात लस दिलेलं कुत्रं ठरावीक विमानतळांवरच उतरवता येतं, तिथल्या नोंदणीकृत केंद्रात आधी जागा राखून. रक्ततपासणी नसेल तर २८ दिवस विलगीकरण, आपल्या खर्चाने. इथून भारतात सुट्टीला कुत्रं घेऊन जाणाऱ्यांनी निघायच्या आधीच इथल्या लशीचा सरकारी शिक्क्याचा दाखला करून घ्या. परत येताना आठवलं तर उपयोग नाही.

आणि "इमोशनल सपोर्ट" (मनाला आधार देणारं कुत्रं) म्हणून फुकट नेता यायचं ते २०२१ पासून संपलं. आता ती साधी पाळीव कुत्री, शंभर-दीडशे डॉलर एका बाजूचे.

तिरकस

दुबईचं राहिलं. तिथे कुत्रं केबिनमध्ये नाही, पण एमिरेट्सच्या दुबई ते पाकिस्तान अशा काही मार्गांवर बहिरी ससाणा चालतो म्हणे. ठमीला पंख लावा.

कंदी_पेढा

हाहा. मंडळी, धागा जगभर फिरून आला, मी अजून साताऱ्यात किराणा दुकानाच्या काट्यापाशी आहे. ८.९!

वळचण

वजनापेक्षा बॅगेची सवय जास्त महत्त्वाची, ते लिहायचं राहून गेलं. पहिला आठवडा चेन उघडी ठेवून बॅग नुसती जमिनीवर, तिच्या नेहमीच्या जागी. आत आप्पांचा न धुतलेला बनियन. जेवण बॅगेत. ती आपणहून आत जाऊन झोपेपर्यंत चेनला हात लावायचा नाही. मग दोन मिनिटं बंद, मग दहा, मग बंद बॅग उचलून घरात फेरी, मग गाडीत. आमच्या पगला आम्ही आदल्या रात्री पहिल्यांदा बॅगेत कोंबला होता. कोलकात्यापर्यंत घोरण्याऐवजी रडत होता. दुसऱ्या वेळी महिनाभर सवय केली, टेकऑफच्या आधीच झोपला.

कंदी_पेढा (सहा आठवड्यांनी)

पोचलो!! सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, पहिले चार दिवस घर लावण्यात गेले. लांबलचक लिहिते, पुढच्याला उपयोगी पडेल.

बिस्किटांवरून घरात महाभारत झालं. आप्पांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं बंद केलं. मग शेजारच्या काकूंनी तोडगा काढला: चहा आप्पांनी त्यांच्या ओट्यावर जाऊन प्यायचा, ठमी घरात. चार चहाचे दोन झाले, त्यामुळे आप्पांचीही साखर खाली आली, पण हे त्यांना मी बोलून दाखवलेलं नाही. भोपळा ठमीने पहिल्या दिवशी थुंकला, तिसऱ्या दिवशी खाल्ला. निघायच्या आदल्या दिवशी ८.७. नवी बॅग ९०० ग्रॅम.

बॅग वळचण यांनी सांगितल्याप्रमाणे उघडी ठेवली, बनियनसकट. आठ दिवस तिने ढुंकून पाहिलं नाही. नवव्या दिवशी आप्पा दुपारी झोपले होते, त्यांचा हात कॉटवरून खाली लोंबत होता, आणि बॅग नेमकी त्या हाताखाली होती. ती गेली आत. त्यानंतर बाहेरच येईना. मग कळलं, की बॅगेत काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही, बॅग कुठे आहे याच्याशी आहे. तेव्हापासून बॅग आप्पांच्या हाताच्या अंतरावर, मग ती कुठेही ठेवा. गाडीतही त्यांच्या पायाशी. बोगद्यात ओकली नाही. पहिल्यांदाच.

पुण्याला साडेतीन तास आधी पोचलो. विमानतळाच्या बाहेर झाडापाशी तिचं उरकलं. शेवटचं खाणं सहा तास आधी, पाणी थोडं थोडं. तळाला लहान बाळांच्या अंथरुणात घालतात तसला शोषणारा पॅड.

काउंटरवर गोंधळ झालाच. त्या मुलीच्या संगणकात ठमीची नोंद दिसेना. "मॅडम, पेट कन्फर्म नाहीये." मी छापील ईमेल काढला (वळचण, तुम्हाला दंडवत). ती आत गेली, दुसरा आला, तोही आत गेला. तो वेळ आप्पा खुर्चीत बसून होते, मांडीवर बॅग. मला म्हणाले, "तू जा हवं तर. आमी एस्टीनं येतू." चाळीस मिनिटांनी कळलं की नोंद होती, पण माझ्या नावावर, आणि ठमी आप्पांच्या तिकिटावर शोधत होते. वजन काट्यावर ९.८. पॅड आणि बनियन धरून. दोनशे ग्रॅम म्हणजे किती बिस्किटं, याचा हिशेब मी तिथेच केला. हमीपत्रावर सही, दाखल्यांच्या प्रती ठेवून घेतल्या, "कॅप्टनने नाही म्हटलं तर उतरावं लागेल" हेही सांगितलं.

सुरक्षा तपासणी कोणी लिहिली नव्हती, म्हणून नीट सांगते. कुत्र्याला बॅगेतून बाहेर काढावं लागतं, रिकामी बॅग एक्स-रे मशीनमधून जाते, कुत्रं कडेवर घेऊन आपण चौकटीतून. पट्टा घट्ट असू द्या, एकदा हातातून निसटलं तर विमानतळभर पळापळ. धातूची साखळी नको. आमच्या वेळी सीआयएसएफच्या जवानाने ठमीच्या पोटाखालून डिटेक्टर फिरवला आणि तिने त्याचा हात चाटला. सरकारी माणसाला सरकारी माणूस भेटला. भुंकली नाही.

विमानात शेजारी एक कॉलेजचा मुलगा होता. धूळभेट, त्याला विचारलं. म्हणाला, "आंटी, मला कुत्र्यांची भीती वाटते, पण बंद आहे ना?" मी म्हटलं, जागा बदलून देतो. हवाईसुंदरीने मागे एक सीट दिली त्याला, तो खूश, आम्हाला मधली जागा मोकळी. टेकऑफला ठमी थरथरत होती. बॅग उघडायची नाही असं बजावलेलं, म्हणून आप्पांनी जाळीला बोटं टेकवून ठेवली. तासभर. मी म्हटलं, कंबर दुखेल, सरळ बसा. ऐकलं नाही. उतरताना कानाला दडे बसू नयेत म्हणून चावायला सुकं चिकन जाळीच्या चेनमधून एवढंसं सरकवलं, तेही तिने धरलं नाही. जांभया देत होती, त्याने कान सुटले असावेत.

शू झाली नाही. बंगळूरला बाहेर पडल्यावर पहिल्या दिसलेल्या कुंडीला मात्र तिने पूर बघायला लावला.

डॉक्टर_शेपटी

झकास. भोपळा चालू ठेवा. नव्या जागी एकदा रक्त तपासून घ्या, अकराव्या वर्षी मूत्रपिंडं बघितलेली बरी.

एक_पुणेकर

माहिती उपयुक्त आहे. संकेतस्थळावर सुरक्षा तपासणीचं एवढं दिलेलं नाही.

वळचण

हा धागा जपून ठेवतो, पुणेकरांकडून प्रशस्तिपत्र आलंय!

मिरजेची_सतार

पेढाताई, आम्हाला पुढच्या महिन्यात आमच्या डॅशहुंडला पुण्याहून न्यायचंय. तुमची ९०० ग्रॅमची बॅग आता रिकामी असेल तर विकत द्याल का? किंवा उसनी?

कंदी_पेढा

सतारताई, माप आणि दुकानाचं नाव व्यक्तिगत निरोपातून पाठवते. बॅग देता येणार नाही हो. ती आप्पांच्या कॉटखाली आहे, आणि ठमी तिच्यात आहे.